उणे तीस अंशांतील लायलॅक



गेल्या जानेवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. पत्र म्हणजे अर्थात ई-मेल. ती कॅनडात, विनिपेग या शहरी नोकरी करते. त्या दिवशी तेथे बाहेरचे तापमान उणे ३१ अंश होते. (या लेखातील सर्व तापमाने सेल्सियसमध्ये आहेत.) रात्री मोटारीत विसरलेली पाण्याची बाटली सकाळी फुटलेली सापडली. ती उचलून घरात येताना तिची नजर फाटकाजवळच्या लायलॅकच्या झुडपाकडे गेली आणि तिने मला लिहिले, "सर, पाणी गोठताना प्रसरण पावते म्हणून बाटली फुटते, हे तुम्ही आम्हाला अकरावीत शिकवलेत. या झुडपाच्या काड्यांतही जवळजवळ निम्मे पाणीच असेल. मग ते का फुटत नाही? घरमालकीणबाई म्हणतात, झुडूप चाळीस वर्षांचे आहे आणि दर जूनला फुलांनी भरून जाते."

लायलॅक आपल्याकडे दिसत नाही, पण त्याचे नातेवाईक आपल्या अंगणातच आहेत. जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक यांच्याच कुळातले हे झुडूप. फिकट जांभळ्या, सुवासिक फुलांचे घोस त्याला येतात. मोगऱ्याचा हा भाऊबंद उणे ३१ अंशांत उघड्यावर उभा राहतो, ही कल्पनाच मला मोठी गमतीची वाटली.

मी दहा मिनिटांत उत्तर पाठवले. शिक्षकाला उत्तर येते असे वाटले की तो थांबत नाही! मी लिहिले की, झाडाच्या रसात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, द्रावणाचा गोठणबिंदू शुद्ध पाण्यापेक्षा खाली असतो, म्हणून रस गोठत नाही. दुसऱ्या दिवशी तिचे एका ओळीचे उत्तर आले : "पण सर, किती साखर?"

आता हे गणित तुम्हीच करून पाहा. एक किलोग्रॅम पाण्यात एक ग्रॅमरेणू साखर विरघळवली, तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी खाली जातो. तो ३० अंशांनी खाली न्यायचा तर ३० भागिले १.८६, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमरेणू साखर हवी. उसाच्या साखरेचा रेणुभार ३४२. सोळा गुणिले ३४२ म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. एक किलो पाण्यात साडेपाच किलो साखर! एवढी साखर थंड पाण्यात विरघळणारच नाही, मग काडीतून तो पाक वाहणे तर दूरच. जे गणित मी वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवत आलो, तेच मी करून पाहिले नव्हते. माझे उत्तर चूक होते आणि ते मी तिला तसे कळवले. हा लेख म्हणजे त्यानंतर मी जे वाचले आणि समजून घेतले त्याचा सारांश आहे.

प्रथम एक शंका दूर करू. झाड आपल्या शरीरात उष्णता निर्माण करून स्वतःला गरम ठेवत असेल का? नाही. हिवाळ्यातल्या पर्णहीन काडीचे तापमान भोवतालच्या हवेइतकेच असते. उणे ३० अंशांच्या हवेत काडीही उणे ३० अंशांवरच असते. आणि दुसरी गोष्ट अशी की, काडीत बर्फ होतोच. होऊ न देण्याचा प्रयत्न ती करत नाही. तो कोठे होतो, एवढ्यावरच तिचे जगणे-मरणे ठरते.

वनस्पतीच्या पेशींच्या दरम्यान बारीक मोकळ्या जागा असतात. पेशीभित्तिकांत आणि या जागांत जो ओलावा असतो, तो जवळजवळ शुद्ध पाण्याचा. पेशीच्या आतला रस त्या मानाने दाट. थंडी हळूहळू वाढत गेली की बाहेरचे पातळ पाणी आधी गोठते आणि पेशीच्या बाहेर बर्फाचे कण दिसू लागतात. आतला रस अजून द्रवच असतो. आता एकाच तापमानाचा बर्फ आणि द्रव पाणी अगदी शेजारीशेजारी आले. येथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम कामाला येतो. गोठणबिंदूच्या खालच्या तापमानाला बर्फाचा बाष्पदाब द्रव पाण्यापेक्षा कमी असतो. उदाहरणार्थ, उणे १० अंशांवर न गोठलेल्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे २.१५ मिलिमीटर पारा, तर बर्फाचा १.९५. फरक छोटा दिसतो, पण पाण्याला दिशा देण्यास तो पुरेसा असतो. पेशीतले पाणी पेशीपटलातून बाहेर पडते आणि बाहेरच्या बर्फाला जाऊन मिळते. बर्फ वाढतो, पेशी आक्रसते.

पाणी बाहेर गेले की आत काय राहते? साखर आणि क्षार तेवढेच, पाणी कमी. म्हणजे रस दाट झाला आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली गेला. थंडी वाढली की आणखी थोडे पाणी बाहेर, रस आणखी दाट. समजा, सुरुवातीला रसाचा गोठणबिंदू उणे २ अंश होता. उणे १० अंशांवर समतोल साधायचा तर रस पाचपट दाट हवा, म्हणजे पाणी एकपंचमांश उरले पाहिजे. उणे २० अंशांवर एकदशांश आणि उणे ३० अंशांवर एकपंधरांश. (इतक्या दाट द्रावणांना आपला साधा नियम काटेकोर लागू पडत नाही, पण कल निश्चित तोच असतो.)

माझ्या साडेपाच किलो साखरेचे कोडे येथे सुटले. मी साखर वाढवत बसलो होतो, झाड पाणी कमी करते! पाक दाट करायचा तर आपली आजीसुद्धा दर वेळी साखर ओतत नाही, ती तो आटवते. लायलॅकच्या सालीतली पेशी स्वतःला असेच आटवते. फरक एवढाच की, आजी चुलीची उष्णता वापरते आणि पेशी बाहेरच्या बर्फाची ओढ. शेवटी आतला पाक इतका घट्ट होतो की, त्यात स्फटिक बनायला रेणूंना हालचालच करता येत नाही. तो काचेसारखा थिजतो. बाटली मात्र फुटते, कारण तिच्यातले पाणी जागच्या जागी, बंद जागेत गोठते आणि त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते.

हे खरे की खोटे, याची मोठी सुंदर परीक्षा जपानमधील होक्काइदो येथील शास्त्रज्ञ अकिरा साकाइ यांनी घेतली. त्यांनी हिवाळ्यातल्या काड्या घेतल्या. त्यांत विलोच्याही होत्या. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा जातभाई. त्या हळूहळू उणे ३० अंशांपर्यंत थंड केल्या आणि मग थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत बुडवल्या. नंतर बाहेर काढून ऊब दिल्यावर काड्या जिवंत निघाल्या! हे त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. उणे ३० अंशांपर्यंत येता येता पेशींतले गोठू शकणारे पाणी बाहेर जाऊन चुकले होते. मग उणे १९६ अंशांत गोठायला आत उरलेच काय होते? तीच काडी घाईने थंड केली असती, तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळाला नसता, आतच बर्फ झाला असता आणि त्याच्या स्फटिकांनी पेशी फाटली असती.

सगळीच झाडे या एका वाटेने जात नाहीत. सफरचंद, ओक अशा काही झाडांच्या लाकडातल्या पेशी पाणी बाहेर जाऊ देत नाहीत. त्यांतले पाणी शून्याच्या खाली कितीतरी अंश द्रवच राहते. स्फटिक सुरू व्हायला बीज लागते, धुळीचा कण किंवा दुसरा बर्फाचा कण. प्रत्येक पेशी म्हणजे एक वेगळा, बंद, निर्मळ थेंब असला तर पाणी असे तग धरते. पण या युक्तीला मर्यादा आहे. उणे ४० अंशांच्या आसपास पाण्याचा थेंब बीजावाचून आपोआप गोठतो, आणि त्या क्षणी पेशी मरते. म्हणूनच जेथे पारा वारंवार उणे ४० अंशांखाली जातो, त्या उत्तरेकडच्या अरण्यांत ओक दिसत नाहीत. तेथे बर्च, पॉप्लर आणि विलो दिसतात, म्हणजे 'आटवणारी' झाडे.

आता तुम्ही विचाराल, मग आपला मोगरा तेथे का जगत नाही? त्याच्या पेशींबाहेरही बर्फ होईलच की! होईल, पण पाणी हरवणे सोसण्याची तयारी त्याच्यापाशी नाही. आटलेल्या पेशीत सर्वांत नाजूक भाग म्हणजे तिचे पटल. ते स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, पण करडईचे तेल वाहतेच राहते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. काही स्निग्ध पदार्थ लवकर थिजतात, काही थिजत नाहीत. थंडीला सरावणारे झाड शरद ऋतूत आपल्या पेशीपटलांतील दुसऱ्या प्रकारच्या पदार्थांचे प्रमाण वाढवते, साखर साठवते, काही खास प्रथिने तयार करते. या तयारीला काही आठवडे लागतात. तीच लायलॅकची काडी जुलैत एकदम उणे १० अंशांत ठेवली तर मरेल. जानेवारीत ती तीस अंश खाली सहज सोसते.

ही तयारी केव्हा सुरू करायची हे झाडाला कसे कळते? थंडी पडेपर्यंत थांबले तर उशीर होईल. झाड दिवस मोजते. म्हणजे दिवसाची लांबी. विनिपेग ५० अक्षांशांवर आहे. तेथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वासोळा तासांचा, तर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांचा असतो. (पुण्यात हाच फरक जेमतेम सव्वादोन तासांचा.) ऑगस्टमध्ये, ऊन चांगले तापत असतानाच दिवस आखूड होऊ लागतात आणि झाडाची वाढ थांबते. तापमान फसवे असते, सूर्याचे वेळापत्रक फसवत नाही.

झुडपांखेरीज तेथल्या बागांत आयरिस, पिओनी अशी कितीतरी फुलझाडे असतात. ती हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून जातात आणि कोंब मातीत ठेवतात. त्यांचे रक्षण हिम करते. आकाशातून पडलेल्या ताज्या हिमात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते. त्यामुळे त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घट्ट बर्फाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असते. आपल्या गोधडीची ऊब जशी कापडाची नसून थरांत अडकलेल्या हवेची असते, तसेच हे. वर उणे ३० अंश असताना हातभर हिमाखालची माती शून्याच्या खाली जेमतेम काही अंशच असते. म्हणून तेथले बागवान वाटेवरचे हिम फावड्याने उचलून फुलझाडांच्या वाफ्यांवर टाकतात. ज्या वर्षी हिम कमी पडते, त्या वर्षी ही झाडे जास्त मरतात. थंडीचे माप पाऱ्यावर घ्यावे की हिमाच्या उंचीवर, असा प्रश्न पडावा!

प्रेअरीच्या या मुलखात, म्हणजे कॅनडाच्या मधल्या सपाट प्रदेशात, बाहेरून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांना हे सारे फार महागात पडून कळले. पूर्वेकडून आणि युरोपातून आणलेली सफरचंदाची कलमे हिवाळ्यात मरत. १८८७ साली कॅनडाच्या सरकारी प्रयोगशेतांचे संचालक विल्यम साँडर्स यांनी रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती उद्यानातून सायबीरियातल्या रानटी सफरचंदाचे बी मागवले. त्याची फळे बोरापेक्षाही लहान, पण झाड वज्रासारखे. मोठ्या फळांच्या सफरचंदांशी त्यांनी त्याचे संकर केले, आणि प्रेअरीवर टिकणाऱ्या सफरचंदांचा पाया तेथे घातला गेला. लायलॅकची कथा अशीच. मॅनिटोबा प्रांतात ड्रॉपमोर येथे फ्रँक स्किनर नावाचा स्कॉटलंडहून आलेला शेतकरी होता. त्याने कोरियातल्या रानटी लायलॅकचा नेहमीच्या लायलॅकशी संकर करून कडाक्याच्या थंडीत टिकणारी आणि लवकर फुलणारी झुडपे तयार केली. घरातल्या चुलीशेजारी सहा महिने काढणाऱ्या माणसांना दारात एक फुलणारे झुडूप असणे ही चैन वाटली नसेल.

आता गोष्टीतला सर्वांत चमत्कारिक भाग. हे सायबीरियाचे वज्रासारखे झाड इंग्लंडच्या सौम्य हवेत नेऊन लावले तर काय होईल? सुखाने वाढेल, असे मलाही वाटले होते. प्रत्यक्षात सायबीरियाची अनेक झाडे तेथे पोळून निघतात, आणि तीही वसंतात.

कारण असे. थंड प्रदेशातले झाड हिवाळ्यात नुसते थांबलेले नसते, ते गाढ झोपलेले असते. शून्य ते सात-आठ अंशांच्या थंडीत ठरावीक तास काढल्याशिवाय त्याची झोप पुरी होत नाही. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना असे हजार तास लागतात. ही झोप झाली की झाड जागे होण्यास मोकळे होते आणि उबेची वाट पाहते. सायबीरियात ऊब आली की हिवाळा संपला, असे समजायला हरकत नसते. तेथला वसंत उशिरा येतो, पण आला की परत जात नाही. म्हणून तेथले झाड थोड्याशा उबेने डोळे उघडते. इंग्लंडात फेब्रुवारीतच चार दिवस उबदार जातात. झाड फसते, कळ्या उमलू लागतात, आणि मार्चमध्ये उणे ४ अंशांची एक रात्र येते. जागे झालेल्या झाडाने शरद ऋतूतली सारी तयारी मोडून टाकलेली असते. ती मोडायला काही दिवस पुरतात, पुन्हा करायला आठवडे लागतात. जे झाड झोपेत उणे ४५ अंश सोसत होते, त्याच्या कोवळ्या कळ्या उणे ४ अंशांत काळ्या पडतात.

कॅनडातच कॅल्गरी नावाचे शहर आहे. तेथे रॉकी पर्वतावरून उतरणारे कोरडे, गरम वारे भर हिवाळ्यात काही तासांत पारा वीस अंशांनी चढवतात. तेथला हिवाळा विनिपेगपेक्षा सौम्य, पण तेथे बाग करणे अधिक कठीण मानले जाते. तेव्हा एखादे झाड 'उणे ४० अंशांपर्यंत काटक' आहे असे रोपवाटिकेच्या पाटीवर लिहिलेले असले, तरी त्या एका आकड्यावर मी आता विश्वास ठेवणार नाही. थंडी किती, याइतकेच ती केव्हा आणि किती वेगाने आली, हे विचारायला हवे. २००७ साली अमेरिकेच्या पूर्व भागात मार्च फार उबदार गेला आणि एप्रिलच्या सुरुवातीला कडक थंडी परतली. फळबागाच नव्हे, तर जंगलातली पालवीही करपली. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर असेच संकट आले. हवामान तापत चालले आहे, तेव्हा थंडीचे नुकसान कमी होईल असे सरळ म्हणता येत नाही. कळ्या लवकर उघडू लागल्या तर धोक्याच्या रात्री त्यांच्या वाट्याला जास्त येऊ शकतात.

अशा रात्री बागाईतदार काय करतात, तर झाडांवर पाणी फवारतात. थंडीत पाणी! पण एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. फवारा चालू आहे आणि पाणी गोठत आहे, तोवर कळीचे तापमान शून्याच्या आसपास अडून राहते, आणि शून्य अंश कळीला सोसतो. बर्फाच्या कवचात कळी सुरक्षित! फवारा मध्येच बंद पडला तर मात्र ओल्या कळीतून बाष्पीभवन होऊन नुकसान अधिकच होते. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात पारा फार उतरला की द्राक्षबागाईतदार पहाटे शेकोट्या करतात आणि बागेला पाणी सोडतात, तेव्हा तेही उष्णतेच्या याच हिशेबात असतात.

विनिपेगला खरा वसंत एप्रिलच्या अखेरीस येतो. सर्वांत आधी उमलते ते प्रेअरी क्रोकस. नावात क्रोकस असले तरी ते केशराच्या कुळातले नाही, आपल्या मोरवेलीच्या कुळातले आहे. १९०६ सालापासून ते मॅनिटोबाचे प्रांतिक फूल आहे. हिम पुरते वितळायच्या आतच, पाने यायच्याही आधी, ते जमिनीतून वर येते. सर्वांगावर रेशमासारखी लव, म्हणजे पुन्हा अडकलेली हवा आणि पुन्हा गोधडी. फूल वाटीच्या आकाराचे असते आणि दिवसभर सूर्याकडे तोंड वळवत राहते. पाकळ्यांवरून परतलेले किरण मधल्या भागावर पडतात, वाऱ्यालाही आडोसा होतो, आणि वाटीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते. थंडीने जडावलेले कीटक त्या उबेला येऊन बसतात आणि परागीभवन होऊन जाते. अंतर्गोल आरशावरचा पाठ शिकवताना मी यापुढे दाढीच्या आरशाचे उदाहरण देणार नाही!

लायलॅक त्यानंतर महिन्याभराने फुलतो. त्या विद्यार्थिनीने जूनमध्ये मला फोटो पाठवला. झुडपाला पाने दिसत नव्हती, इतकी फुले होती. ती फुले त्या वसंतात तयार झालेली नव्हती. त्यांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये बनल्या होत्या. जानेवारीत ती फुटलेली बाटली हातात घेऊन ज्या काड्यांकडे पाहत होती, त्यांत हे घोस घडी घालून ठेवलेले होते. फोटोखाली तिने लिहिले होते, "सर, वास पाठवता येत नाही."

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. आपल्याकडे लायलॅक नाही, पण हरभरा आहे आणि शीतपेटीचा बर्फाचा कप्पाही पुष्कळ घरांत आहे. एकाच पिशवीतले ऐंशी हरभरे घ्या आणि वीस-वीसचे चार गट करा. पहिला गट कोरडाच बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दुसरा गट रात्रभर पाण्यात भिजवा, निथळून घ्या आणि कप्प्यात ठेवा. तिसरा गट कोरडा आणि चौथा भिजवलेला, पण हे दोन्ही कप्प्याबाहेर ठेवायचे. दोन दिवसांनी थंडीतले दोन्ही गट बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कोरडे दोन्ही गट रात्रभर भिजवून घ्या. मग चारही गट ओल्या फडक्यांत वेगवेगळे बांधून ठेवा आणि फडकी वाळू देऊ नका. तीन-चार दिवसांनी प्रत्येक गटातले मोड आलेले दाणे मोजा. भिजवलेल्या, पण न गोठवलेल्या चौथ्या गटाला अर्थातच आधी मोड येतील, ती नोंद वेगळी ठेवा.

हे आकडे वहीत नीट लिहून झाले की एक पाऊल पुढे जा. रात्रभराऐवजी एक तास, दोन तास, चार तास भिजवून गोठवलेले दाणे घ्या. किती पाणी आत गेल्यावर दाणा थंडीला बळी पडू लागतो, हे त्यावरून काढता येईल. त्यासाठी भिजवण्याआधी आणि नंतर दाण्यांचे वजन करायला विसरू नका.